स्टार नसलेला संघ कसा जिंकतो: युक्का यालोनेन आणि फिनलंडची आइस हॉकी

२०१९ च्या मे महिन्यात स्लोव्हाकियात आइस हॉकीची जागतिक स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात फिनलंडसमोर रशिया होता. रशियाकडे ओवेचकिन, माल्किन, कोवालचुक आणि त्या मोसमात एनएचएलमध्ये सगळ्यात जास्त गुण मिळवणारा कुचेरोव होता, गोलमध्ये वासिलेव्हस्की. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक लीग. या खेळातला सगळा पैसा आणि जवळजवळ सगळे मोठे खेळाडू तिथेच असतात. फिनलंडच्या संघात त्या मोसमात एनएचएल खेळलेले अवघे दोन जण होते, आणि तेही तिथे नवखे. बाकीचे फिनलंडच्या, स्वीडनच्या, रशियाच्या लीगमध्ये खेळणारे, बाहेरच्या जगाने नावही न ऐकलेले.

फिनलंड १-० ने जिंकला. दुसऱ्याच दिवशी, २६ मे रोजी, अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१ ने हरवून जगज्जेता झाला.

या संघाचे प्रशिक्षक होते युक्का यालोनेन. त्यांच्या नावावर तीन जागतिक विजेतेपदं आहेत, एक ज्युनियर जागतिक विजेतेपद आहे आणि फिनलंडच्या इतिहासातलं आइस हॉकीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक आहे. जन्म १९६२ चा, गाव रीहिमॅकी. खेळाडू म्हणून त्यांचं नाव फारसं मोठं झालं नाही; एनएचएलपर्यंत तर ते कधी पोचलेच नाहीत. मग प्रशिक्षक म्हणून हा माणूस नेमकं करतो तरी काय, हे समजून घेण्यासारखं आहे. पण त्यासाठी आधी खेळ समजायला हवा, कारण आपल्याकडे हॉकी म्हटलं की गवत किंवा टर्फ, अकरा खेळाडू आणि चेंडू डोळ्यांसमोर येतो.

आइस हॉकीत एका बाजूचे सहा जण बर्फावर असतात: एक गोलकीपर, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. चेंडूच्या जागी पक, म्हणजे कडक रबराची तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. मैदान साधारण साठ मीटर लांब, चारी बाजूंनी उंच फळ्या आणि काच. पक फळीवर आपटून परत येतो, त्यामुळे ‘चेंडू बाहेर गेला’ म्हणून श्वास घ्यायला मिळणारी उसंत इथे जवळपास नाहीच. वीस मिनिटांचे तीन भाग, आणि खेळ थांबला की घड्याळही थांबतं.

आता खरी गंमत. पूर्ण वेगाने स्केटिंग करताना माणूस पाऊण मिनिटात दमतो. म्हणून खेळाडू सतत बदलत राहतात, तेही खेळ चालू असताना. एक जण फळीवरून उडी मारून बाहेर येतो, दुसरा आत जातो. एका खेपेला शिफ्ट म्हणतात आणि ती सहसा पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास संपते. आंतरराष्ट्रीय सामन्यात गोलकीपर सोडून वीस खेळाडू असतात. गणित सोपं आहे: साठ मिनिटं गुणिले पाच जागा, म्हणजे तीनशे मिनिटांचं काम, वीस जणांत वाटलं की सरासरी पंधरा मिनिटं. जगातला कितीही मोठा खेळाडू घ्या, सामन्याचा बराचसा वेळ तो बाकावर बसून पाहत असतो.

यातच यालोनेन यांच्या सगळ्या यशाची किल्ली आहे असं मला वाटतं. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज दिवसभर उभा राहून सामना एकहाती काढू शकतो. इथे ते शक्य नाही. वीस जण पाच-पाचच्या चार गटांत आळीपाळीने बर्फावर उतरतात. तुमचा तिसरा आणि चौथा गट, म्हणजे ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत असे आठ-दहा जण, जवळजवळ अर्धा सामना खेळतात. समोरच्याचे पहिले दोन गट तुमच्यापेक्षा सरस असले, पण तुमचे चारही गट एकाच पद्धतीने, एकाच शिस्तीत खेळत असले, तर लढत बरीच बरोबरीची होते.

ती पद्धत कशी असते ते एका प्रसंगातून पाहू. समजा कॅनडाच्या बचावपटूने स्वतःच्या गोलच्या मागे पक उचलला आणि तो वर बघतोय. फिनलंडचा सगळ्यात जवळचा आघाडीचा खेळाडू त्याच्यावर जातो, पण सरळ धावत नाही. तो तिरका येतो, आपल्या काठीने मधला रस्ता बंद करत. त्यामुळे पकवाल्याला एकच दिशा उरते: फळीकडची. दुसरा आघाडीचा खेळाडू आधीच त्या फळीकडे सरकलेला असतो, कारण पास तिथेच येणार हे त्याला माहीत आहे. तिसरा मधोमध, जरा मागे थांबतो. पहिले दोघे चुकले तर भरून काढायला. आणि मागचे दोन बचावपटू घाबरून आपल्या गोलकडे पळत नाहीत, ते पुढे, निळ्या रेषेजवळ (समोरच्याचा भाग जिथे सुरू होतो ती बर्फावरची आडवी रेषा) येऊन उभे राहतात. पहिल्या खेळाडूपासून शेवटच्यापर्यंतचं अंतर कमी ठेवायचं, म्हणजे मध्ये मोकळी जागाच राहत नाही. पकवाला कितीही चपळ असो, त्याला तीन-चार सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो आणि समोर दिसणारा प्रत्येक पर्याय वाईट असतो.

कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. चढाईपटू कितीही दांडगा असला तरी साखळी नीट धरलेली असेल, कोपरा वेळेवर आत आला आणि कव्हरने मागची वाट अडवली, तर तो अडकतो. आणि सातांतला एक जरी अर्ध्या क्षणाने आधी किंवा उशिरा सरकला तर साखळी फुटते. फिनलंडच्या पाचांचं तसंच आहे. यात प्रत्येकाने उत्तम खेळाडू असण्यापेक्षा प्रत्येकाने वेळेवर असणं महत्त्वाचं.

पक हातचा गेला तर दुसरी गोष्ट सुरू होते. पाचही जण मागे येतात, पण गोलसमोरचा भाग भरायला. गोलच्या तोंडासमोरच्या या पट्ट्याला स्लॉट म्हणतात आणि बहुतेक गोल तिथूनच होतात. कडेने मारलेला फटका चांगला गोलकीपर सहसा अडवतो, म्हणून कडेची जागा थोडी सोडली तरी चालते. मधली मात्र सोडायची नाही. बघणाऱ्याला कधीकधी वाटतं, फिनलंडवाले नुसते दबावाखाली आहेत. आकड्यांतही समोरचा संघ जास्त फटके मारताना दिसतो. पण ते फटके कुठून मारले जातायत हे पाहिलं की चित्र बदलतं.

तिसरी गोष्ट शिस्तीची. आइस हॉकीत साध्या नियमभंगाला दोन मिनिटांची शिक्षा असते: खेळाडू पेटीत जाऊन बसतो आणि त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. समोरच्याच्या या फायद्याला पॉवर प्ले म्हणतात; क्रिकेटमधल्या त्याच नावाच्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. चार जणांनी पाचांना दोन मिनिटं अडवणं फार कठीण, त्यातही समोर कॅनडा किंवा रशियाचे नेमबाज असतील तर. म्हणून ज्या संघाकडे कौशल्य कमी, त्याने उगाच धक्काबुक्की करून पेटीत बसणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. यालोनेन यांचे संघ ही चूक कमी करत.

हे सगळं कागदावर सोपं वाटतं. जगातल्या प्रत्येक प्रशिक्षकाला ते माहीतही आहे. अवघड भाग असा की राष्ट्रीय संघाला एकत्र सरावाला फार थोडे दिवस मिळतात. जागतिक स्पर्धा मे महिन्यात असते आणि नेमकी तेव्हाच एनएचएलची बाद फेरी चालू असते. ज्यांचे क्लब बाहेर पडले तेवढेच मोठे खेळाडू मोकळे. त्यातले काही थकलेले, काही दुखापतग्रस्त, काहींचे करार अडकलेले. दरवर्षी संघ वेगळा. इतक्या कमी वेळात वीस जणांना एका पद्धतीत बसवायचं, तर ती पद्धत सोपी हवी, सगळ्यांना आधीपासून ओळखीची हवी आणि प्रत्येकाला आपलं काम नेमकं माहीत हवं. फिनलंडमध्ये विएरुमॅकी नावाच्या ठिकाणी क्रीडा संस्था आहे, तिथे प्रशिक्षकांचं रीतसर शिक्षण होतं. प्रशिक्षक होणं हा तिथे स्वतंत्र व्यवसाय मानतात, निवृत्त खेळाडूची सोय म्हणून त्याकडे पाहत नाहीत. साधारण ५५ लाखांच्या देशात या खेळातली माणसं एकमेकांना ओळखतात, एकाच भाषेत बोलतात. त्यामुळे राष्ट्रीय शिबिरात आलेल्या खेळाडूला सगळं मुळापासून शिकवावं लागत नाही.

यालोनेन यांची पहिली मोठी कमाई हॅमेनलिन्ना या शहरातली. तिथल्या एचपीके या क्लबला त्यांनी २००६ मध्ये फिनलंडच्या लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. क्लबचं ते पहिलंच. हेलसिंकी, ताम्पेरे, तुर्कू, औलू इथल्या श्रीमंत क्लबांच्या रांगेत एचपीके लहान. मोठे पगार देऊन खेळाडू आणणं त्याला परवडणारं नाही. कमी साधनांत संघ बांधण्याचा धडा तिथे पक्का झाला असणार.

२००८ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. तेव्हा फिनलंडच्या मनावर एक जुनं ओझं होतं. जागतिक विजेतेपद तोवर एकदाच मिळालं होतं, १९९५ मध्ये, स्टॉकहोममध्ये स्वीडनला ४-१ ने हरवून. विले पेल्तोनेनने त्यात तीन गोल केले होते आणि संघाचा प्रशिक्षक कुर्ट लिंडस्ट्रॉम स्वतः स्वीडिश होता. त्यानंतर पुन्हा पुन्हा हातातोंडाशी आलेला घास गेला. २००३ मध्ये तर हेलसिंकीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, फिनलंड स्वीडनविरुद्ध ५-१ ने पुढे होता आणि ६-५ ने हरला. तो सामना फिनिश माणूस आजही विसरलेला नाही.

यालोनेन यांच्या संघाने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं आणि २०११ मध्ये ब्रातिस्लाव्हात ते ओझं उतरवलं. अंतिम सामन्यात पुन्हा स्वीडन, आणि पहिला गोलही स्वीडनचाच. मग फिनलंडने सहा गोल केले. ६-१. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मिकाएल ग्रानलुंड या १९ वर्षांच्या पोराने रशियाविरुद्ध गोलच्या मागे उभं राहून पक काठीच्या पात्यावर उचलला आणि वरच्या कोपऱ्यातून आत टाकला. पद्धतीने बांधलेल्या संघातच हे घडलं हे लक्षात घ्यायला हवं. बाकीचे चार जण आपापल्या जागी आहेत ही खात्री असल्याशिवाय असा उद्योग कुणी करत नाही, आणि केला तर प्रशिक्षक त्याला पुन्हा बर्फावर पाठवत नाही. यालोनेन यांनी पाठवला.

पुढे ते सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए क्लबकडे गेले. मग २०१५-१६ मध्ये २० वर्षांखालील फिनिश संघ त्यांच्याकडे आला. ५ जानेवारी २०१६, हेलसिंकी, अंतिम सामना रशियाशी. शेवटचे सहा सेकंद उरले असताना रशियाने ३-३ अशी बरोबरी केली. अशा धक्क्यातून वीस वर्षांची मुलं सहसा सावरत नाहीत. ही सावरली, जादा वेळेत कास्पेरी कापानेनने गोल केला आणि ४-३. सेबास्तियान आहो, पात्रिक लाइने, येस्से पुल्युयार्वी ही त्या संघातली मुलं.

त्याच वर्षी वसंतात मुख्य संघाने मॉस्कोत रौप्यपदक मिळवलं, पण त्याचे प्रशिक्षक होते कारी यालोनेन. आडनाव सारखं असल्याने बाहेरचे लोक हमखास गोंधळतात. दोघांचं नातं नाही, आणि खेळाडू म्हणून तर दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर. कारी औलूचे, चमकदार आघाडीचे खेळाडू, १९८० च्या दशकात कॅलगरी आणि एडमंटनकडून एनएचएल खेळलेले, जरी तिथले सामने चाळीसपेक्षा कमीच भरले. पुढे प्रशिक्षक म्हणूनही त्यांनी मोठं काम केलं: औलूचा कॅर्पॅत आणि स्वित्झर्लंडमधला बर्न हे क्लब त्यांच्या हाताखाली विजेते झाले. खेळाडूच्या अंगी असलेलं तेज प्रशिक्षकाच्या उपयोगी पडतं का, हा प्रश्न या दोघांना शेजारी ठेवून पाहिला की उत्तर मिळत नाही, दोघेही यशस्वी. मात्र एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. जो स्वतः मोठा खेळाडू नव्हता त्याला चौथ्या गटातल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे समजायला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. शिफ्ट मिळेल की नाही याची वाट पाहत बाकावर बसणं काय असतं ते त्याला ठाऊक असतं.

युक्का यालोनेन २०१६ ते २०१८ हेलसिंकीच्या योकेरितमध्ये होते. हा क्लब तेव्हा रशियाकेंद्रित केएचएल लीगमध्ये खेळत असे. २०१८ मध्ये ते पुन्हा राष्ट्रीय संघाकडे आले आणि पुढच्याच वर्षी तो स्लोव्हाकियाचा मे महिना उजाडला.

मार्को अन्तिला त्या संघाचा कर्णधार. उंची दोन मीटरच्या वर, वय ३३, टोपणनाव ‘मॉर्को’, म्हणजे लहान मुलांना ज्याची भीती घालतात तो बागुलबुवा. शिकागोच्या एनएचएल क्लबने तरुणपणी त्याची निवड केली होती, पण तिथे एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. स्केटिंग फार वेगवान नाही. मग त्याचा उपयोग काय? गोलच्या तोंडाशी उभं राहणं. एवढा मोठा माणूस समोर उभा असला की गोलकीपरला पक दिसत नाही, बचावपटू त्याला हलवू शकत नाहीत आणि परतून आलेला पक पहिल्यांदा त्याच्या काठीला लागतो. काम एकच, पण ते तो शेवटपर्यंत करतो. यालोनेन यांनी त्याला तेच काम दिलं.

उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडन ४-३ ने पुढे होता. दीड मिनिट उरलं असताना फिनलंडने गोलकीपर बाहेर काढला. हा आइस हॉकीतला मोठा जुगार: गोलकीपरऐवजी सहावा खेळाडू आणायचा, आपला गोल उघडा टाकून. अन्तिलाने गोल केला, ४-४. जादा वेळेत सकारी मान्निनेनने सामना जिंकून दिला. उपांत्य सामन्यात रशियाविरुद्धचा एकुलता एक गोल अन्तिलाचा. अंतिम सामन्यात कॅनडा १-० ने पुढे गेल्यावर बरोबरीचा गोल अन्तिलाचा, आघाडीचाही त्याचाच, तिसरा हारी पेसोनेनचा. दुसऱ्या दिवशी अन्तिला ३४ वर्षांचा झाला.

गोलकीपर केविन लान्किनेनने अंतिम सामन्यात ४० हून अधिक फटके अडवले. फिनलंडने मारलेल्या फटक्यांच्या तो जवळजवळ दुप्पट आकडा. पद्धतीचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं: चांगला गोलकीपर नसेल तर ही सगळी मांडणी एका संध्याकाळीत कोसळते. फिनलंडमध्ये गोलकीपर घडवण्याची परंपरा आहे आणि यालोनेन यांनी त्या परंपरेवर कायम भिस्त ठेवली.

२०२१ मध्ये रिगाला अंतिम सामना पुन्हा कॅनडाशी झाला आणि जादा वेळेत ३-२ ने गेला. मग आलं बीजिंग.

२०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकला कोरोनामुळे वेळापत्रक विस्कटल्याने एनएचएलने आपले खेळाडू पाठवले नाहीत. म्हणजे सगळेच देश स्टार सोडून आलेले. यालोनेन यांच्यासाठी ही सवयीची परिस्थिती होती. स्पर्धेच्या सुरुवातीलाच अन्तिलाला कोरोना चाचणीमुळे विलगीकरणात ठेवलं गेलं. त्याला नीट जेवण मिळत नाही, तो ठणठणीत असूनही सोडत नाहीत, त्याच्या मानवी हक्कांचा मान राखला जात नाही, असं यालोनेन पत्रकारांसमोर उघड बोलले. यजमान देशात बसून, स्पर्धा चालू असताना असं बोलणारे प्रशिक्षक फार नसतात. अन्तिला नंतर सुटला आणि संघात परतला.

गटातल्या शेवटच्या सामन्यात स्वीडनने ३-० आघाडी घेतली. फिनलंड तो सामना जादा वेळेत ४-३ ने जिंकला आणि गटात पहिला आला. बाद फेरीत स्वित्झर्लंड ५-१, स्लोव्हाकिया २-०.

२० फेब्रुवारीचा अंतिम सामना रशियन संघाशी होता. तो पाहताना यालोनेन यांची हॉकी सगळ्यात स्वच्छ दिसते. पहिल्या भागात रशियाने पॉवर प्लेवर गोल केला. नंतर हळूहळू, जवळजवळ नकळत, खेळ फिनलंडच्या ताब्यात गेला. दुसऱ्या भागात बचावपटू विले पोक्काने बरोबरी साधली. तिसरा भाग सुरू होऊन ३१ सेकंद झाले होते तेव्हा हान्नेस ब्योर्निनेनने गोलच्या तोंडाशी पकची दिशा बदलली आणि २-१ झालं. पुढची साडेएकोणीस मिनिटं रशियाला काहीही करता आलं नाही. गोलकीपर हारी सॅतेरीला सबंध सामन्यात फक्त १६ फटके अडवावे लागले. ऑलिंपिकचा अंतिम सामना, समोर गतविजेते, आणि त्यांना नीट नेम धरायलाही जागा नाही. दुसऱ्या भागात दोन्ही संघ बाजू बदलतात, त्यामुळे आपला बाक आपल्या बचावापासून लांब पडतो. खेळाडू बदलताना तिथेच भोकं पडतात आणि गोल होतात. फिनलंडने ते अंतर किती शांतपणे सांभाळलं, हे त्या सामन्यात मला सगळ्यात आवडलेलं. कुणी जास्त वेळ बर्फावर रेंगाळलं नाही, पक सुरक्षित जागी टाकूनच बदल केले.

फिनलंडकडे १९८८ आणि २००६ ची रौप्यपदकं होती, कांस्यपदकं चार होती. सुवर्ण हे पहिलं. सहाच्या सहा सामने जिंकून.

चार दिवसांनी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. योकेरितने बाद फेरीच्या तोंडावर केएचएल सोडली. रशिया आणि बेलारूसला त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतून वगळण्यात आलं. ती स्पर्धा फिनलंडमध्येच होती. फिनलंडचे सामने ताम्पेरेच्या नव्या कोऱ्या नोकिया अरेनात.

घरच्या मैदानावर खेळण्याचं दडपण काय असतं ते २००३ ने दाखवून दिलं होतं. २९ मे २०२२ चा अंतिम सामना तर त्याच वाटेने निघाला होता. कॅनडा पहिल्यांदा पुढे गेला. तिसऱ्या भागात कॅनडाचे दोन खेळाडू एकाच वेळी पेटीत असताना ग्रानलुंडने गोल केला, पाठोपाठ आणखी एक. होय, २०११ चाच तो पोरगा, आता ३० वर्षांचा. योएल आर्मियाने ३-१ केलं. आणि मग शेवटच्या काही मिनिटांत कॅनडाने गोलकीपर बाहेर काढून दोन गोल केले. ३-३. सबंध अरेना गप्प. अशा वेळी प्रशिक्षकाच्या हातात फार थोडं असतं: जादा वेळेआधीची विश्रांती आणि पुढे कुणाला पाठवायचं हा निर्णय. जादा वेळेत कॅनडाचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसला आणि मान्निनेनने सामना संपवला. एकाच वर्षी ऑलिंपिक आणि जागतिक, अशी दोन्ही सुवर्णं याआधी स्वीडनने २००६ मध्ये जिंकली होती. त्याच ताम्पेरेत तिसऱ्या क्रमांकाचं पदक चेकियाने घेतलं, आणि त्यांचे प्रशिक्षक होते कारी यालोनेन.

इथे थांबलं तर गोष्ट फार गोड होईल, पण खेळ थांबत नाही. २०२३ मध्ये, पुन्हा ताम्पेरेतच, फिनलंड उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाकडून ४-१ ने हरला. २०२४ मध्ये स्वीडनने त्याच टप्प्यावर जादा वेळेत बाहेर काढलं. फिनलंडमध्ये टीका झाली: खेळ सावध आहे, गोल कमी होतात, बाकीच्यांनी ही पद्धत ओळखलीय. टीकेत तथ्य होतं. समोरचा संघही तितकाच शिस्तीने मधला पट्टा बंद करायला लागला की पद्धत विरुद्ध पद्धत अशी लढत होते, आणि मग एखाद्या असामान्य खेळाडूचा एक क्षण सामना ठरवतो. असे खेळाडू नसताना जिंकायची कला यालोनेन यांनी शिकवली. तीच कला सगळ्यांनी आत्मसात केली की पुन्हा खेळाडूंचा दर्जा मोजला जाणार, हे ओघानेच आलं.

२०२४ नंतर राष्ट्रीय संघ अन्ती पेन्नानेन यांच्याकडे गेला. हेही एचपीकेचे. २००६ नंतर त्या क्लबला दुसरं विजेतेपद मिळालं ते २०१९ मध्ये, पेन्नानेन यांच्या हाताखाली. त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र उलटा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनएचएलने चार देशांची स्पर्धा घेतली तेव्हा फिनलंडचा सबंध संघ एनएचएलमधला होता. बारकोव्ह, रांतानेन, आहो, सगळे हजर, आणि सरावाला जेमतेम काही दिवस. अमेरिकेकडून ६-१ ने हार झाली, कॅनडाकडूनही ५-३ ने हरले, स्वीडनला मात्र जादा वेळेत ४-३ ने हरवलं. आपापल्या क्लबात वीस-बावीस मिनिटं बर्फावर राहण्याची सवय असलेल्या या खेळाडूंना इथे कमी वेळावर, ठरलेल्या जागेवर, तिरकं धावून फळीकडचा रस्ता बंद करायला सांगायचं आहे. अन्तिलाला ते एकदा सांगितलं की पुरत होतं. वर्षाला कोट्यवधी कमावणाऱ्या बावीस कर्तबगार खेळाडूंना ते तीन-चार सरावांत पटवून देणं हे नव्या प्रशिक्षकाचं काम आहे, आणि ते यालोनेन यांच्या कामापेक्षा सोपं आहे असं मला अजिबात वाटत नाही.